मौजे को—

कलिन्याला, विभागाच्या फलकावर,
कुणाच्या हरवलेल्या ओळखपत्राच्या आणि
'पेइंग गेस्ट पाहिजे, फक्त शाकाहारी'च्या मधे
एकाच टाचणीवर ती वाकडी लटकत होती:
लष्करी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना संधी.
सहा महिने. दरमहा नऊ हजार.
टपालखर्च तीनशे, वेगळा.
शेवटची तारीख उलटून दोन दिवस झालेले.
तेंडोलकरबाई म्हणाल्या, भर तरी.
मुदतवाढ न मिळालेली तारीख
मी अजून पाहिलेली नाही.

मुलाखत कुलाब्यात.
पितळ इतकं घासलेलं की दाराच्या मुठीत
माझा चेहरा, रुंद आणि घाबरलेला.
निवृत्त कर्नल. मिशी पांढरी, आवाज हळू.
"कोणती लढाई?"
लढाई नाही, सर. खेचरं.
"खेचरं?"
म्हणजे ती हाकणारी माणसं.
पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेली, इथल्याच गोदीतून.
बंदूक नव्हती त्यांच्याकडे, फक्त लगाम.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"माझा जीव एकदा खेचरानं वाचवलाय," म्हणाले,
"बर्फात. त्याचा नंबर मला पाठ आहे अजून.
हाकणाऱ्याचं नाव
आठवत नाही."
आणि सही केली.

पुराभिलेखागारात फक्त पेन्सिल चालते.
गुरवमामा रुमाल सोडतात,
लाल कापडाची गाठ दातांनी,
आणि शंभर वर्षांची धूळ
आधी त्यांना शिंक देते, मग मला.
मोडी लिहिणारा हात उचलत नाही;
मी प्रत्येक अक्षरापाशी थांबते,
चढावर थांबतं तशी.
चार महिने: दाणावैरण, नाल, खरारे,
मेलेल्या जनावरांच्या याद्या, नीट, नंबरवार.
माणसं शेवटच्या पानांवर, दाटीवाटीनं.

धाकू वल्द सोनू. खेचरवाला.
मयत. कारण ताप.
देणे बाकी रुपये अकरा, आणे सहा.
वारस मिळून आला नाही.
राहणार मौजे को—
पुढे कसर.

कसर म्हणजे कागद खाते ती,
आणि हिशेबात राहून जाते तीही.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर येते.
चौकात काळा घोडा आहे, वर स्वार नाही.
त्याच्याच सावलीत बसून डबा खाते
आणि यादी करते:
कोंडगाव, कोतवडे, कोळंबे, कोळिसरे...
कोकणात गावाचं नाव ठेवताना
दुसरं अक्षर सुचलंच नव्हतं का कुणाला?

तीनशे रुपयांत पन्नास पैशांची सहाशे कार्डं येतात.
मी एकेचाळीस घेतली.
'सरपंच यांस, सविनय.'
एकेचाळीस वेळा अकरा रुपये, सहा आणे.
जीपीओच्या घुमटाखाली डिंक नव्हता, थुंकीही लागली नाही,
कार्डावर तिकीट आधीच छापलेलं असतं.

तीन उत्तरं आली.
एकावर तलाठ्याचा शिक्का: नोंद आढळत नाही.
एक माझंच कार्ड: पत्ता अपुरा.
तिसरं निळ्या शाईत, ओळी उतरत गेलेल्या:

"धाकू म्हणून आमच्यात कोणी नाही.
पण माझ्या सासऱ्यांचे चुलते
असेच बोटीवरनं गेले ते गेले.
नाव बाबल्या. उजव्या कानाची पाळी फाटलेली.
मुंबईचे कागद तुमच्या हाताशी आहेत
तर बघाल का?
नसले तरी कळवा."

कानाची पाळी.
आता ती कुठल्या रकान्यात शोधू?

फेलोशिपचे अकरा दिवस उरलेत.
अहवालाच्या नमुन्यात 'निष्पत्ती'ला दोन ओळी सोडल्यात.
'ब'चा रुमाल जागेवर नाही,
गुरवमामा म्हणतात, बांधणीला गेलाय,
सोमवारी ये,
आणि येताना
तेवढा रुमाल बांधायला फडका आण जुना.